पेट्रोल मीच प्याले

कोन चोर? तुझा डायवर शिवप्पा? महांतेश अप्पा, जीभ आवर! पेट्रोल त्यानं चोरलं न्हाई, मीच प्याले. हाव, मी तुझी गाडीच बोलायले. तू घरात कान झाकून बस, तरी बोलनार.

दोन सालाखाली लातूरच्या शोरूममधून मला आनलंस. पेट्रोल आन बॅटरी, दोन्हीवर चालनारी, हत्तीएवढी. विकनारा म्हनला, "लिटरला तेवीस किलोमीटर." मी दाराबाहेर निघाले बी नव्हते, तवर तू तुझ्या दोस्ताला, शंकरप्पाला फोन लावलास, "माझी गाडी तेवीस देते!"

तो आकडा खोटा न्हाई, अप्पा. पन तो परीक्षेतला हाय. बंद खोलीत, रोलरवर चाकं फिरवलेली. एसी बंद, ना खड्डा ना चढ. इथं? आत आठ मानसं, टपावर डाळीची पोती, आन तुझं मागून, "शिवप्पा, दाब की! बैलगाडी हाय का?"

आन उदगीरचा धान्याचा मोंढा इसरलास? उन्हाळाभर आडतीच्या दारात मला उभी करून तुम्ही चौघं माझ्यात बसायचात. काचा वर, एसी चालू, दोन-दोन घंटे तुरीच्या गप्पा. शिवप्पा म्हनला बी, "मालक, पेट्रोल जळायलंय." तू हसलास, "येड्या, आवाज येतो का? बॅटरीवर हाय, फुकट!"

बॅटरी उतरली की माझं इंजिन सुरू व्हायचं. जाग्यावर उभी राहून प्यायचे मी. तुमच्या गलक्यात कुनाला ऐकू येनार?

परवा लिटरला तेराच पडलं. तू भर मोंढ्यात इचारलंस, "बाकीचं तुझ्या फटफटीत गेलं का रे?"

अकरा साल तुझ्या घरची स्टेरिंग धरलेला मानूस. फडक्यानं माझी काच पुसली, चावी बॉनेटवर ठिवली, आन पायी स्टँडकडं गेला.

लक्ष्मम्मा तुला म्हनली, "लेकरा, आधी गाडीला इचार, मग मानसाला." आईचं बी ऐकलं न्हाईस. आता मीच सांगायले.

दोन दिस झाले, लिंबाखाली उभी हाय. काचंवर धूळ बसलीय, तिच्याखाली त्याच्या फडक्याचे वळ अजून दिसायलेत.

ऊठ. पोती उतरव, एसी बंद ठिव, एकटाच देवणीला, त्याच्या गावी जा, आन मी किती देते ते बघ. भर मोंढ्यात चोर म्हनलास, आता भर मोंढ्यात त्याला आन, चौघांसमोर चूक कबूल कर. आन चावी त्याच्या हातात दे.