मिर्ला फळीवरून चालली

ओविदिओ गेल्याला नऊ दिवस झाले. शेवटच्या दिवसाची जपमाळ संपली, तशा बायका गुळाचं पाणी पिऊन आणि माझ्या न रडण्याबद्दल कुजबुजून आपापल्या घरी गेल्या. मला त्यांचा रागही आला नाही. नऊ दिवस मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

धाकटा दीर गिल्दार्दो तेवढा मागे थांबला.

"वहिनी, ते फळीचं आज उरकून टाकायचं का?"

"टाका उरकून."

आमच्याकडची घोडी चालताना वर बसलेल्याच्या हातातली कॉफी सांडत नाही, याबद्दल अख्ख्या अंतियोकिया प्रांतात कुणाचंच दुमत नाही. दोघा भावांचं भांडण ती चाल येते कुठून यावरून होतं. ओविदिओ म्हणायचा, आईच्या पोटातून. गिल्दार्दो म्हणायचा, स्वाराच्या हातातून. वीस वर्षं दोघांनी जेवणाच्या टेबलावर माझं डोकं उठवलं होतं. शेवटी आमच्या घोडीला मिर्ला ही शिंगरी झाली आणि पैज लागली. दोन वर्षं तिला कुणी काही शिकवायचं नाही, मग टापांचा आवाज ऐकायला अंगणातल्या लांब लाकडी फळीवर मोकळीच सोडायची. चारही टापा सारख्या वाजल्या तर ती आमची, नाही तर गिल्दार्दोची. तिला हात लावणार नाही, अशी ओविदिओने मारियामातेच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली होती.

बाहेर गारठा होता. मी खुंटीवरचा ओविदिओचा कोट चढवला आणि फळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. गिल्दार्दोने मिर्लाला अलीकडे सोडलं, टोपी काढली आणि फळीकडे पाठ केली. जत्रेतले परीक्षकही असंच ऐकतात. इथे टापांच्या बाबतीत कुणी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही.

मिर्ला चढली. टक टक टक टक, एकही टाप पुढेमागे नाही. गिल्दार्दोचे खांदे हलायला लागले.

टोकाला येऊन ती आपणहून थांबली. मान वळवून तिने थेट कोटाच्या डाव्या खिशात तोंड घातलं. मी हात घातला, तर तळाशी धाग्यांत गुंडाळलेला गुळाचा खडा.

रोज पहाटे "दूध आणतो" म्हणून हा माणूस तासभर कुठे जायचा ते आता कळलं. आणि मी खुळी त्याची कॉफी दोनदा गरम करायची!

लबाड मेला. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला राग आला. मी फळीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मिर्ला माझ्या हातातला गूळ चाटत होती.

"जिंकला वहिनी, दादा जिंकला," गिल्दार्दो पाठमोराच डोळे पुसत म्हणाला. "रक्तातच असतं. कुणी हात न लावता!"

"हो भाऊजी," मी म्हटलं आणि हात कोटाला पुसला. "कुणी हात न लावता."