मास्तरांचे माप सांभाळणारी डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे. पण मला हातात घेऊन पाहायला याल, तर हात हलवत परत जाल. मला पत्रा नाही, चकती नाही, वायर नाही. मी संगणकातली एक फाइल आहे, चांगली जाडजूड. मी ज्या संगणकाला जोडलेली होते त्याला मात्र मी खरीखुरी डिस्क वाटायचे, कारण तो स्वतःही तसाच होता. तो मानलेला संगणक आणि मी मानलेली डिस्क. लोक आम्हाला व्हर्च्युअल म्हणतात. मानलेला भाऊ वेळेला सख्ख्यासारखा धावून येतो ना, तसे आमचे काम मात्र खरे.

माझा जन्म बुटांच्या कार्यशाळेत झाला. तिथे दुकानातल्यासारखे बूट बनत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचा घोटा वाकडा, कुणाची बोटे गेलेली. अशांसाठी ताई बूट बनवायच्या. ताईंचे यजमान चामडे ताणायचे, चिकटवायचे आणि दिवसभर झाडलोट करायचे. ताईंचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणू लागले. तो भाऊ संगणक दुरुस्त करणारा. लहानपणी घरातली प्रत्येक वायर सोलून पाहायचा, म्हणून ताई त्याला अजून वायऱ्याच म्हणत.

कार्यशाळेत पाय ठेवायची एक काचेची पाटी होती. तिच्यावर पाऊल ठेवले की माप संगणकात जायचे आणि शेजारचे यंत्र त्याप्रमाणे सुखतळा कोरून द्यायचे. सुखतळा म्हणजे बुटाच्या आत पावलाखाली असतो तो तळ. पाटी ठणठणीत होती, यंत्रही ठणठणीत. पण त्यांना हाकणारा प्रोग्रॅम जुना होता, आणि तो ज्या संगणकावर चालायचा तो शेवटच्या घटका मोजत होता. नवा संगणक आणला, तर तो त्या प्रोग्रॅमला दारात उभा करीना.

"काळजी करू नकोस, ताई," भाऊ म्हणाला. "नव्याच्या पोटात एक जुना संगणक मांडून देतो."

"एका म्यानात दोन तलवारी?" दाजी म्हणाले. "मेहुणे, भांडतील त्या."

"दाजी, एकच घाम गाळेल, दुसरी बसून खाईल. तुमच्या घरासारखंच."

ताई हसल्या. दाजींनी झाडू उचलला आणि हसू लपवायला कोपरा झाडायला घेतला.

मग माझी मांडणी सुरू झाली. डिस्क किती मोठी हवी, असा प्रश्न पडद्यावर आला. भावाने आकडा भरला. सगळी जागा आताच अडवायची की लागेल तशी घ्यायची? त्याने 'लागेल तशी' निवडले. म्हणून जन्मले तेव्हा मी मूठभर होते. टोपडे मोठे आणि डोके लहान. मग मला कुठे जोडायचे ते ठरले. त्याने मला नव्या पद्धतीच्या जोडणीवर टांगले. मशीन, म्हणजे तो मानलेला संगणक, सुरू झाले आणि म्हणाले, 'डिस्क सापडत नाही.' मी तर समोर बसले होते! पण संगणक चालवणाऱ्या जुन्या प्रणालीला नवी जोडणी ओळखू येत नव्हती. भावाने बराच वेळ डोके खाजवले, मला जुन्या पद्धतीच्या जोडणीवर हलवले, आणि मी तिला दिसू लागले.

प्रणाली आणि प्रोग्रॅम यांची सीडी ओरखड्यांनी भरलेली होती. तिची हुबेहूब नक्कल करून त्याने ती फाइल मशीनच्या मानलेल्या सीडी ड्राइव्हमध्ये घातली, सीडीवरून सुरू व्हायला सांगितले आणि सगळे माझ्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी ताईंनी मशीन लावले, तर ते पुन्हा पहिल्यापासून बसवू का, असे विचारू लागले.

"वायऱ्या, हे रोज सकाळी नव्याने जन्म घेणार का रे?" ताईंनी फोनवर विचारले.

"सीडी काढायची राहिली, ताई."

"सीडी तर माझ्या हातात आहे!"

"ती नव्हे गं. आतली."

आतली सीडी काढली आणि आमचे काम सुरळीत सुरू झाले. लोक येत, पाटीवर पाय ठेवत, आणि त्यांची पावले माझ्यावर उमटत. जितकी पावले आली तितकी मी वाढत गेले. आलेल्या प्रत्येकाला ताई पडदा दाखवून म्हणत, "हिच्यात एकदा माप गेलं की काळजी मिटली." हे ऐकून मला बरे वाटायचे.

सुरुवातीलाच आलेल्यांत एक निवृत्त मास्तर होते. मधुमेहाने त्यांच्या पावलांतली जाणीव गेलेली होती. बुटात खडा गेला तरी त्यांना कळत नसे. पहिल्या बुटांनी करंगळीच्या मुळाशी जखम झाली, ती चिघळली, आणि पाय जातो की राहतो असे झाले. पाय वाचला. डॉक्टरांनी मात्र बजावले की त्याच जागी पुन्हा जखम झाली, तर पाय वाचणार नाही. तेव्हा ताईंनी त्या जागेखाली सुखतळ्यात एक खळगा ठेवला. तो कधी खोल केला, कधी उथळ, कधी किंचित मागे सरकवला. अनेक खेपांनंतर तो बरोबर बसला आणि ते माप जपून ठेवले गेले.

पण ते माझ्यावर नव्हते, मित्रांनो. इथे नीट लक्ष द्या.

मास्तरांच्या जखमेच्या सुमारास भावाने ताईंना स्नॅपशॉट घ्यायला शिकवले होते. मोठा बदल करण्याआधी तो घ्यायचा. बिघडले, तर मागे परतता येते. स्नॅपशॉट घेतला की मी तिथेच थांबते. माझ्यावर जणू एक पारदर्शक कागद पसरतात आणि पुढचे सगळे त्या कागदावर लिहिले जाते. पुन्हा घेतला की आणखी एक कागद. असा प्रत्येक कागद म्हणजे एक वेगळी फाइल, तिच्या नावापुढे आकडा. वरून पाहणाऱ्याला सगळे मिळून एकच चित्र दिसते. काम झाले की हे कागद माझ्यात मिसळून टाकायचे असतात. भाऊ तेही बोलला होता, पण तेव्हा त्याचा एक पाय दाराबाहेर होता.

ताईंना स्नॅपशॉट आवडला. आरीला तेल लावून ठेवावे, तसा त्या रोज कुलूप लावण्याआधी एक घेत. काळजी म्हणूनच घेत. मी तळाशी, आणि माझ्यावर कागदांची ही चवड. एकेक पाऊल शोधायला सगळे कागद चाळावे लागत. मशीन कुंथू लागले. पूर्वी कौतुक करणारे तोंड आता म्हणू लागले, "काय मेली गोगलगाय झाली आहे!" आणि एके दिवशी माप घेता घेता मशीन थांबलेच. जागा संपली होती.

त्या दिवशी ताई चामडे आणायला गेल्या होत्या. दाजींना पसारा म्हणजे डोळ्यांतले कुसळ. त्यांनी फोल्डर उघडले आणि कपाळाला हात लावला. बिननंबराची एक फाइल, आणि खाली नंबरवाल्यांची रांग.

"हे बघा! एकीच्या इतक्या नकला!" ते स्वतःशीच म्हणाले. "हिनं रोज एक काढून ठेवलेली दिसते."

मूळ फाइल ठेवावी, नकला काढाव्यात, हा त्यांचा हिशेब. कुणालाही पटावा असाच होता. संगणकाने विचारले, या फाइली मोठ्या आहेत, कचऱ्याच्या डब्यात मावणार नाहीत, कायमच्या पुसू का? दाजी म्हणाले, "पूस बाबा." मग मशीन 'डिस्कची फाइल सापडत नाही' म्हणून अडून बसले. मेहुण्याला करताना पाहिले होते, तसे त्यांनी जुनी जोडणी काढली, 'असलेली डिस्क जोडा' निवडले आणि मला जोडले. मशीन वाऱ्यासारखे सुरू झाले.

ताई परतल्या तेव्हा दाजी पडद्याशेजारी छाती काढून उभे होते. "बघ, कसा पळतोय! तुझ्या बंधुराजांना सांग, दाजींनी केलं म्हणावं."

"खरंच की हो!" ताई म्हणाल्या. त्यांना वाटले, जागा मोकळी केली असेल.

मला सगळे दिसत होते, पण बोलायला तोंड नव्हते.

दोन दिवसांनी मास्तर नव्या बुटांसाठी आले. दाजींनी त्यांचे माप उघडले. माझ्यावर होते तेच उघडले, जखमेच्या आधीचे. यंत्राने सुखतळा कोरला, सपाट. दाजींनी त्यावर मऊ चामडे चिकटवले, ताईंनी बूट शिवला. वरून बूट देखणा दिसत होता.

बूट न्यायला मास्तर आणि मास्तरीणबाई दोघे आले. मास्तर बूट चढवायला वाकले. मास्तरीणबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि आत हात घातला. रोज सकाळी त्या तसेच करत, कारण मास्तरांच्या पायाला जे कळत नसे ते त्यांच्या बोटांना कळे.

"ताई, इथं खोलगट नाही लागत."

"नवा आहे ना," दाजी म्हणाले. "चार दिवस घातला की बसेल."

"बसेपर्यंत दुखेल, असं तुम्हाला म्हणायचंय. ह्यांना दुखतच नाही हो, तीच तर पंचाईत. चार दिवसांनी पायमोजा लाल होईल तेव्हा मला कळेल."

"मी आपला घालतो, मला काही होत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला विचारलंय का कुणी?"

ताईंनी हात घातला. त्यांचा चेहरा उतरला. त्या पडद्याकडे धावल्या, मास्तरांचे पाऊल उघडले. खळगा नव्हता. मागच्याच महिन्यात आलेल्या शिंप्याचे नाव शोधले. नावच नव्हते.

"अहो, काय काढलंत तुम्ही?"

"नकला काढल्या. मूळ ठेवलं आहे."

भाऊ हातातले काम टाकून आला. सगळे ऐकून तो खुर्चीवर बसला. "दाजी, उलटं आहे हो. बिननंबराची सगळ्यांत जुनी. ताजं सगळं नंबरवाल्यांत होतं. तुम्ही बुंधा ठेवून फांद्या तोडल्यात."

 दाजींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

भावाने संगणक बंद केला. कारण पुसलेल्या जागेवर नवे काही लिहिले गेले तर जुने कायमचे जाते. मग दुसऱ्या संगणकावरून शोधून त्याने काही कागद परत आणले. पण सुरुवातीचाच एक सापडला नाही, आणि साखळीतली एक कडी तुटली की पुढच्या कड्यांचा उपयोग नसतो. मापे गेली ती गेली.

"मग ह्यांच्या पायाचं काय?" मास्तरीणबाईंनी विचारले.

ताईंनी मास्तरांच्या पायातले झिजके बूट काढून घेतले. आतला सुखतळा सोलून बाहेर काढला, त्यावर प्लास्टर ओतून पावलाचा ठसा घेतला, आणि ते पांढरे पाऊल काचेच्या पाटीवर ठेवले. खळगा झिजून खोल झाला होता. किती खोल खरा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. यंत्राने तळ कोरायचा, मास्तरीणबाईंनी डोळे मिटून बोटे फिरवायची.

"जरा वर. नाही, फार झालं. हां... थांबा. हेच."

दाजींनी बाद झालेले तळ उचलले. शेवटी जो बसला, तो त्यांनी स्वतः चिकटवला. मास्तर त्या बुटांत चालत घरी गेले. पुढचे काही आठवडे मास्तरीणबाई रोज फोनवर सांगत होत्या, "पायमोजा स्वच्छ आहे." बाकीच्यांना ताईंनी पुन्हा बोलावले. काही रागावले, पण आले.

आता त्या मशीनला दोन डिस्का आहेत. एकीवर प्रणाली आणि प्रोग्रॅम, दुसरीवर फक्त मापे. जागा आधीच अडवून ठेवलेली. मापांची प्रत भावाच्या घरी असते. स्नॅपशॉट बदलापुरता घेतात आणि लगेच मिसळून टाकतात. मी कशालाच जोडलेली नाही. एका कोपऱ्यात आहे. मला काढायचे का, हे दाजींनी तीनदा विचारले आणि एकदाही काढले नाही.

मित्रांनो, आवराआवर जरूर करा. पण टाकण्याआधी उघडून पाहा, आणि कळले नाही, तर जाणणाऱ्याला विचारा. ज्याला दुखते तो ओरडून सांगतो. मास्तरांच्या पायाला ओरडता येत नाही आणि आम्हा फाइलींनाही येत नाही. म्हणून आमच्यासाठी कुणीतरी रोज आत हात घालून पाहावे लागते.