नॉर्डालांची आखूड रायफल

मित्रांनो, मी मोंटानातल्या नॉर्डाल घरची शिकारीची रायफल. आता वय झालं आहे माझं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हातांच्या घामाने काळपट झाला आहे आणि नळीची निळी झाक कडांवरून उडाली आहे. माझ्याकडे अस्वलांच्या, शौर्याच्या गोष्टी असतील असं तुम्हाला वाटेल. तशा नाहीत. जी घटना मला अजून छळते, तिच्यात शौर्य अजिबात नाही.

पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या चापाभोवती एक लोखंडी कडी आहे, तिला लिव्हर म्हणतात. ती खाली ढकलली की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि वर ओढली की नवं आत बसतं. तेवढ्यात माझा घोडाही चढतो. घोडा म्हणजे मागची छोटी हातोडी. चाप ओढला की ती पुढे आपटते आणि गोळी सुटते. मालकाला घाई नसेल तर तो अंगठ्याने घोडा उतरवून ठेवतो आणि वेळ आली की पुन्हा चढवतो. एवढंच माझं यंत्र. पण त्याचा ‘खट्ट’ आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही.

दुकानात मला घ्यायला आला तो हाल्वर नॉर्डाल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बायको रॅग्ना बरोबर होती. दुकानदाराने मला आणि एका लांब, आठकोनी नळीच्या रायफलीला शेजारी शेजारी ठेवलं.

“लांब नळी जड असते, म्हणून हातात हलत नाही. नेमबाजीच्या पैजांना हिच्यासारखी दुसरी नाही,” तो म्हणाला. “ही आखूड खांद्याला धक्का देते, पण झुडपात अडकत नाही आणि हिचं काडतूस दमदार आहे.”

“जत्रेतल्या पैजा वर्षातून एकदा. जेवायला रोज लागतं,” हाल्वर म्हणाला. “ही बुटकी द्या.”

“बुटकी म्हणून हिणवू नका तिला,” रॅग्ना म्हणाली. “मीही बुटकीच आहे.”

“म्हणून तर निवडली,” हाल्वर म्हणाला, आणि रॅग्नाने त्याला कोपर मारलं.

पुढची कितीतरी वर्षं मी त्या घराचं हिवाळ्याचं मांस आणलं. पानगळ सरली की हाल्वर मला पिकअपमध्ये घालून डोंगरपायथ्याच्या ओढ्याकडे न्यायचा. तो उगाच गोळी झाडत नसे. घरी आलो की रॅग्ना स्टोव्हवर रस्सा चढवायची, लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी भाजायची, आणि हाल्वर जेवणाआधी मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. “आधी तिचं, मग माझं,” तो म्हणायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग रॅग्ना आजारी पडली आणि गेली. त्यानंतरचे दोन हिवाळे मी भिंतीवरच राहिले. कोणी मला उतरवलं नाही. स्वयंपाकघरातली वाफ माझ्यावर बसायची, थिजायची, पुन्हा बसायची. नळीवर तांबडे ठिपके उठले. हाल्वर समोर बसून दुपारभर खिडकीबाहेर बघायचा. मला त्याचा राग येत नसे, पण गंज शरीरात शिरतो तेव्हा कसं वाटतं ते मी सांगू शकत नाही.

त्यांची मुलगी डॅग्नी शहरातली नोकरी सोडून घरी राहायला आली. ती गावात शाळेची बस चालवू लागली. आल्या आल्या तिने मला भिंतीवरून काढलं आणि बोट फिरवून बापासमोर धरलं.

“हे काय आहे, बाबा?”

“गंज.”

“ते दिसतंय. आई असती तर तुम्हाला घराबाहेर झोपवलं असतं.”

तिने मला घासून घासून साफ केलं. पण तिचं प्रेम माझ्यावर नव्हतं. तिच्याकडे स्वतःची लिव्हर रायफल होती, लांब आठकोनी नळीची, पिस्तुलाची छोटी काडतुसं घेणारी. दर रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर टांगलेल्या लोखंडी थाळ्या ती त्या रायफलीने ठणाठण वाजवायची. तिच्या बक्षिसांचे पट्टे माझ्याच शेजारी भिंतीवर लटकत असत. मला मत्सर वाटायचा, हे कबूल करते.

हाल्वर पुन्हा शिकारीला जाऊ लागला, पण काहीतरी बिघडलं होतं. नेम धरताना नळीच्या टोकाची माशी, म्हणजे तिथला छोटा उंचवटा, मागच्या खाचेत बसवायला त्याला फार वेळ लागायचा. तो डोळे मिचकावायचा, मला खाली घ्यायचा, परत वर घ्यायचा. एकदा उघड्या माळावर, अगदी जवळ उभ्या असलेल्या हरणावर त्याची गोळी चुकली. घरी येऊन तो डॅग्नीला म्हणाला, “हिची नळी झिजली.”

मित्रांनो, माझी नळी झिजलेली नव्हती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे मला कळलं होतं, त्यालाही कळलं होतं. तो बोलला नाही, आणि मला बोलता येत नाही.

त्या वर्षी शिकारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला आणि डॅग्नीच्या रायफलीला शेजारी ठेवलेलं होतं.

“मी माझीच नेते,” डॅग्नी म्हणाली. “जिथे बघते तिथे लागते. ही तुमची बुटकी लाथ मारते. चाप ओढायच्या आधीच मी दचकते. शिवाय तुम्हीच म्हणालात, नळी झिजली.”

आता खरं बोलायचं तर हाल्वरला डोळ्यांचं बोलावं लागणार होतं.

“थाळीला गोळी लागली की थाळी वाजते,” तो म्हणाला. “हरणाला नुसतं भोक पाडायचं नसतं, हरीण पाडायचं असतं. तुझं काडतूस लांबून कमी पडेल.”

“जवळून मारीन.”

“ओढ्यापलीकडे असलं तर सोडून द्यायचं.”

“सोडून देईन. बाबा, मी काय काल बंदूक धरली?”

हाल्वरने मला उचललं आणि तोही निघाला.

बर्फ घोट्याएवढं होतं. दोघांनी कायद्याप्रमाणे, लांबून माणूस ओळखू यावा म्हणून, कोटांवर नारिंगी बंड्या चढवल्या होत्या. डॅग्नी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली आणि हाल्वर मला घेऊन खालच्या वळणावर बसला. बऱ्याच वेळाने तिच्या रायफलीचा आवाज आला. बारीक, कोरडा. पाठोपाठ दुसरा. मग काहीच नाही.

हाल्वर उठला. “लागलं, पण पडलं नाही,” तो स्वतःशीच म्हणाला.

पुढचं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. मोठं नर हरीण ओढ्यापलीकडेच होतं. तिने सोडून दिलं नाही. ते जखमी होऊन विलोच्या दाट झुडपात शिरलं. जिथे पहिलं रक्त दिसलं तिथे बापाला खूण सापडावी म्हणून तिने आपली नारिंगी बंडी काढून फांदीला अडकवली, आणि तपकिरी लोकरी कोटात ती माग काढत पुढे गेली.

हाल्वर ओढा ओलांडून वर आला. त्याला नारिंगी डाग दिसला. नीट नाही, धुरकट, पण नारिंगी होता. त्याला वाटलं, डॅग्नी तिथे उभी आहे. मग त्या डागाच्या बऱ्याच डावीकडे, झुडपात, काहीतरी तपकिरी हललं. जमिनीलगत, वाकलेलं.

त्याने मला खांद्याला लावलं आणि घोडा चढवला. खट्ट.

माझी नळी त्या तपकिरी आकारावर रोखलेली होती. हाल्वरचं बोट चापावर आलं. तो श्वास रोखून माशी खाचेत बसवू पाहत होता आणि ती बसत नव्हती. नळीपुढचं मला दिसत नाही. मला फक्त त्याचं बोट कळत होतं. ते आवळत चाललं होतं. जखमी जनावर पुन्हा पळालं तर त्याचे हाल होतील, हे त्याच्या मनात असणार. हाक मारली तर ते नक्की पळेल, हेही असणार.

त्याने हाक मारली. नारिंगी डागाकडे तोंड करून म्हणाला, “डॅग्नी, तिथेच थांब. हलू नकोस.”

“मी इथे आहे, बाबा,” आवाज झुडपातून आला. तपकिरी आकारातून.

चापावरचं बोट सुटलं. त्याने नळी आभाळाकडे केली. चढलेला घोडा उतरवायचा म्हणजे तो अंगठ्याने घट्ट धरून, चाप ओढून, हळूहळू पुढे सोडायचा असतो. अंगठा निसटला तर गोळी सुटते. हे काम त्याने आयुष्यभर न बघता केलं होतं. त्या दिवशी त्याचा अंगठा घामाने इतका निसरडा झाला होता की त्याला दुसरा हात लावावा लागला. घोडा खाली बसला तेव्हा हाल्वर बर्फातच बसला.

डॅग्नी चालत आली.

“मी तुझ्यावर नेम धरला होता,” हाल्वर म्हणाला.

“माहीत आहे. घोडा चढल्याचं ऐकलं मी.”

“मग ओरडली का नाहीस?”

“तोंड उघडलं होतं. आवाजच फुटेना. आणि हलले असते तर तुम्ही मारलं असतं.”

हाल्वरने मला मांडीवर आडवं ठेवलं. “हिची नळी ठीक आहे,” तो म्हणाला. “मला दिसत नाही, पोरी. दोन वर्षं झाली.”

झुडपात हरीण अजून जिवंत होतं, त्याचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता. माग काढताना घाईत भरायला गेली तेव्हा डॅग्नीची उरलेली काडतुसं बर्फात सांडून गेली होती. तिने बापाच्या मांडीवरून मला उचललं, झुडपात गेली आणि त्या जनावराचे हाल संपवले. जनावरावर तिच्या हातून सुटलेली माझी ती पहिली गोळी. परत आली तेव्हा ती रडत होती. “पलीकडे होतं ते,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतं.”

त्या हिवाळ्यात घरात मांस होतं, पण ते दोघांना गोड लागलं नाही. हाल्वरच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आता शिकारीला हरकत नाही. त्याने मात्र परवाना काढला नाही. “दिसतं सगळं,” तो डॅग्नीला म्हणाला. “पण आता त्या झुडपात मला तूच दिसतेस.” मैदानावर तो लांब नळीची रायफल चालवू लागला, आणि मी डॅग्नीकडे आले.

माझा धक्का सोसायला त्यानेच तिला शिकवलं. तिच्या नकळत तो खऱ्या काडतुसांत एखादं दारू नसलेलं खोटं काडतूस भरायचा. ते आलं की घोडा नुसताच आपटायचा, आणि धक्का नसतानाही तिच्या दचकण्याने माझी नळी खाली झुकायची. “बघ,” तो म्हणायचा, “लाथ तिने मारली का?” डॅग्नी शिव्या पुटपुटायची आणि पुन्हा लिव्हर ओढायची. हळूहळू तिचं दचकणं थांबलं. माझा मत्सरही गेला. ती लांब नळी वाईट नव्हती. तिला भलत्या कामाला नेलं होतं, इतकंच.

पुढच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. सूर्य कलला होता. झुडपात काहीतरी तपकिरी हललं. डॅग्नीने मला खांद्याला लावलं, पण घोडा चढवला नाही. ती वाट बघत राहिली. उजेड गेला, आकार झुडपात मिसळला, आणि तिने मला खाली घेतलं.

घरी हाल्वरने शिजवलेल्या बीन्सचं भांडं टेबलावर ठेवलं होतं. त्याने तिचे रिकामे हात पाहिले.

“दिसलंच नाही?”

“दिसलं. पण काय होतं ते नाही दिसलं.”

हाल्वरने मान हलवली, तिची थाळी भरली आणि स्वतःच्या आधी तिच्यापुढे सरकवली. त्या हिवाळ्यात त्या घरात मांस फारसं शिजलं नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, गंजू देऊ नका, कुलपात ठेवा, हे मी सांगेनच. पण माझी खरी काळजी घ्यायची असेल तर मला उचलण्याआधी स्वतःचे डोळे तपासा, आणि ते साथ देत नसतील तर घरच्यांना मोकळेपणी सांगा. दोष माझ्या नळीवर ढकलू नका. नळीपुढे मी आंधळी आहे. ज्याच्यावर रोखाल त्याच्यावर मी गोळी झाडीन, आणि ते कोण होतं हे मला कधीच कळणार नाही. तुम्हाला मात्र कळेल.