रोजचे हजार

अर्धांगाच्या झटक्यानं माझा उजवा हात गेला, तेव्हा चाकणच्या कंपनीत प्रेस चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली होती. डॉक्टरांनी यंत्राचा हातमोजा लावायला सांगितला. तो बोटं मिटतो, उघडतो आणि किती वेळा ते मोजतो. महाळुंग्याच्या एका खोलीत दिवसभर मी आणि तो. खिडकीखालून आमच्या शिफ्टची बस जायची; तिच्याकडं बघणं मी सोडूनच दिलं होतं.

चिंचवडच्या फिजिओथेरपिस्ट मिनलनं तो असा लावून दिला होता, की आधी मी बोट हलवायला जोर करायचा, मगच त्यानं साथ द्यायची. पहिल्या दिवशी आकडा बारावर अडकला. आमच्या शॉपमध्ये तासाला बारा पार्ट काढणाऱ्याला सुपरवायझर चहासुद्धा गोड लागू देत नाही. माझं डोकं फिरलं. डाव्या हातानं बटणं चाचपली आणि मोजा ऑटोवर टाकला. झकास पळायला लागला. मग रोजचे हजार, रविवारीसुद्धा. माझी बायको सुमन चाळभर आकडे सांगत फिरायची.

सोमवारी कंपनीच्या डॉक्टरपुढं उजव्या हातानं पार्ट उचलून दाखवायचा होता, नाहीतर गेटचं कार्ड जमा, नोकरी संपली. म्हणून शनिवारी सकाळी सुमनला घेऊन ऐटीत मिनलकडं गेलो. तिनं मोजा कॉम्प्युटरला जोडला आणि रोजची नोंद एकेक करून बघितली.

"काका, हे सगळं मशीननं केलंय. तुमचा जोर कुठंच दिसत नाही."

"बेचाळीस हजार झालेत, मॅडम."

"मशीनचे झालेत."

सुरुवातीचे आठवडे सगळ्यात कामाचे असतात, हे तिनं हळू आवाजात सांगितलं. मग ऑटो बंद करून टाकलं. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

घरी येऊन मोजा चढवला. जोर केला. मान ताठली, दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं. बोटं तशीच. स्वतःच्याच हातात कोंडला गेलो होतो मी, आणि कडी मीच लावली होती.

सुमन शेजारी येऊन बसली. माझ्या बोटांखाली हळूच आपली बोटं सरकवून ती उचलायला लागली.

"काढ हात."

"जरासा टेकू देते की ओ."

"नको. मग ते तुझं हुईल. मला माझं एक तरी पायजे."

तिनं हात काढून मांडीवर ठेवला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं माझ्या करंगळीकडं बघत बसलो.