न सांगण्याचा तास

"बाई, दिवा लागत नाहीये."

मी तोंडातली लिमलेटची गोळी या गालातून त्या गालात सारली आणि नुसतं "हं" म्हटलं. याहून जास्त बोलायचं नाही, असं माझं मीच ठरवलेलं. मी पडले बडबडी बाई. मुलीने प्रश्न अर्धा विचारला की माझं उत्तर संपून वर दोन उदाहरणंही झालेली असतात. म्हणून शनिवारच्या या तासाला तोंडात गोळी. आमच्या ह्यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "घरी पण आणू का एक डबा?"

हा तास मी हट्टाने मागून घेतला होता. विज्ञानाचं पुस्तक बंद. जिला जे कोडं पडलंय ते तिने आपापलं सोडवायचं. कुणी बर्फ कशात गुंडाळला की उशिरा वितळतो ते बघत होती, कुणी कागदाचा पूल बांधून त्यावर खडू रचत होती. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मात्र वैतागल्या होत्या. "वर्गाचा नुसता बाजार झालाय. आज येऊन बघते. एकीने तरी स्वतःच्या डोक्याने काही तडीस नेलेलं दिसू दे, नाहीतर हा तास गणिताच्या उजळणीला."

आणि आल्या त्या नेमक्या या दिवा न लागणाऱ्या मुलीपाशी येऊन थांबल्या.

हिला सगळ्या गोगलगाय म्हणतात. हिचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असतो. हिच्या आजीला ऐकू येत नाही. ही शाळेतून जाऊन दार बडवते आणि आजी आत आपली निवांत बसलेली. म्हणून हिला असं बटण हवं होतं, की दाराशी दाबलं की आजीसमोर दिवा लागेल. पुठ्ठ्यावर सेल, छोटा दिवा, तारा, बटण म्हणून एक सेफ्टी पिन. सगळं जागच्या जागी, आणि दिवा ढिम्म.

मला लांबूनच कळलं होतं. पिन गंजलेली, ती नीट टेकत नव्हती. एक वाक्य बोलायचा अवकाश, तास वाचला असता. जीभ नुसती वळवळत होती.

"अहो, सांगा ना तिला," मोठ्या बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या. "रडेल ती."

मी नकारार्थी मान हलवली. गोळी कडकन चावली गेली.

गोगलगाय काही रडली नाही. शेजारीण सेल-दिव्याचाच सिग्नल बनवत होती, तिच्याकडे वळून म्हणाली, "तुझा लागतोय ना? तुझी पिन दे जरा." ती चकचकीत पिन तिने लावली. दिवा लागला नाही.

म्हणजे पिन नव्हतीच की.

तिने पिन परत केली आणि दिवा मागितला. तरी नाही. मग सेल. तरी नाही. तिला कसली म्हणून घाई नव्हती. मग एकेक तार बदलायला लागली, आणि दुसऱ्या तारेला दिवा लागला.

"वरून चांगली दिसते," जुनी तार बोटांत वाकवत ती म्हणाली, "पण आतून तुटलीये. दप्तरात घडी घालून आणते ना मी, तिथेच."

"हे बाईंनी सांगितलं का गं तुला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"छे. बाई कुठे काय सांगतात? नुसतं हं हं करतात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. जाता जाता म्हणाल्या, "राहू दे हा तास. आवाज तेवढा कमी."

मी बोलले असते तर चुकीचं बोलले असते. आणि ती बिचारी मान खाली घालून पिन घासत बसली असती. या विचाराने मला आधी घाम फुटला आणि मग हसूच आलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कौतुकाचे चार शब्द तरी बोलावेत म्हणून तिच्या बाकाशी गेले, तर तिने सगळ्या तारा सोडवून ठेवलेल्या.

"अगं, लागला होता ना?"

"हो, पण तारा आखूड पडतात. आजीच्या खुर्चीपर्यंत पोचायला नकोत?" मान वर न करता ती म्हणाली. "बाई, जरा सरका ना. उजेड अडतोय."

मी सरकले.