उठू न देणारी खुर्ची

कोपनहेगनच्या सुतारसंघाचं १९५४चं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं, आणि परीक्षक क्रोग मेस्त्री काही ग्रेटा विंडिंग यांनी आखलेल्या आरामखुर्चीतून उठत नव्हते.

संघाचा रिवाज जुना आहे. मत द्यायचं ते उभं राहून, लाकडावर हात ठेवून. बसून दिलेलं मत धरत नाहीत. तीन परीक्षकांपैकी संग्रहालयाच्या ब्रामसेनबाईंनी होकार दिला होता, वास्तुकार फेंगर यांनी नकार. निकाल क्रोग यांच्यावर अडला होता.

विंडिंगबाईंचं काम संघाने आधी दोनदा परत पाठवलेलं. त्यांच्या आराखड्यांवरून खुर्च्या घडवणारा टॉफ्ट त्यांना सांगून बसला होता, "यंदा नाही झालं तर मी शवपेट्यांचं काम धरणार. त्यातलं गिऱ्हाईक पाठ दुखते म्हणून परत येत नाही."

"कशी वाटते, मेस्त्री?" विंडिंगबाईंनी विचारलं.

"जन्मभर खुर्च्या केल्या. बसलो आज."

"मग मत?"

"तुम्हालाच."

"उभं राहून द्यावं लागेल."

"तेवढं सोडून बोला."

"जावयाला सासरवाडी मिळाल्यासारखं झालंय यांचं," फेंगर म्हणाले. "माणसाला सोडत नाही ती कसली खुर्ची?"

वडीलधाऱ्या मेस्त्रींना दंडाला धरून उठवणं कुणाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांना कॉफी दिली. त्यावर ते आणखी मागे रेलले.

शेवटी क्रोगबाईंना बोलावलं. त्या येऊन खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"घरी चला. ताट वाढलंय."

"इथेच घेऊन ये."

त्यांनी काळ्या पावावर मुरवलेली हेरिंग मासळी आणून दिली आणि नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "घरात हे असे कधी गप्प बसले नाहीत," त्या विंडिंगबाईंना हळूच म्हणाल्या.

फेंगर तोवर आराखडे चाळत होते. ट्राममध्ये, बागेत, चर्चमध्ये बसलेल्या माणसांच्या पाठीची, मांड्यांची, कोपरांची मापं विंडिंगबाईंनी टिपली होती.

"उठणाऱ्या माणसाचं माप कुठाय?"

"उठणारा माणूस हलतो," विंडिंगबाई म्हणाल्या. "माप घेता येत नाही."

फेंगर यांनी मान डोलावली. त्यांनीही ते कधी घेतलं नव्हतं. शहरात कुणीच घेतलं नव्हतं.

टॉफ्टने बाईंना बाजूला घेतलं. "मागच्या पायांखाली दोन बोटं जाडीचे ठोकळे घालू. बैठक पुढे झुकेल, म्हातारा आपोआप उभा राहील."

"पाठीचा उतार जाईल. सबंध वर्ष घातलंय मी त्या उतारावर."

"उतार ठेवा. मी शवपेट्यांकडे जातो."

बाईंनी ठोकळे मागितले. टॉफ्टने खुर्ची मेस्त्रींसकट मागून उचलली, आणि बाईंनी गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने ठोकळे सरकवले.

क्रोग मेस्त्री उभे राहिले. कोट झटकला, खुर्चीच्या सागवानी हातावर तळवा ठेवला.

"नापसंत," ते म्हणाले. "बसवत नाही हिच्यात."

विंडिंगबाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फेंगर खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"आता सोडते," ते म्हणाले आणि लाकडावर हात ठेवला. "माझं मत बदललं. पसंत."

दोन विरुद्ध एक. खुर्ची प्रदर्शनात लागली, ठोकळे डकवून. आठवडाभरात एका जहाज कंपनीने भेटीला येणाऱ्यांच्या खोलीसाठी बऱ्याच मागवल्या. तिथे आता कुणी रेंगाळत नाही, म्हणून कंपनी खूश आहे. टॉफ्टला शवपेट्यांची आठवण राहिलेली नाही. विंडिंगबाई त्या खोलीत अजून गेलेल्या नाहीत.

ठोकळे नसलेली अशी खुर्ची त्यांनी त्यानंतर एकच करून दिली. ती क्रोगबाईंनी घरी नेली. मेस्त्री संघाच्या बैठकांना येत नाहीत. मत विचारायला माणूस पाठवला, तर क्रोगबाई दारातच सांगतात, "बसलेत."