मिरांदापर्यंत, गाडीसकट

पोर्तुगालमधल्या ग्वार्दाच्या चढावर, ऐन वळणाच्या तोंडाशी देओलिंदा गियर बदलायला गेली, तर क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडीने दोन आचके दिले. तिने ती कशीबशी कडेच्या खडीवर घेतली आणि तिथेच इंजिन बंद पडलं.

"तार तुटली," शेजारी बसलेला तिचा नवरा अबिलियो म्हणाला. "तरी बेजाहून निघतानाच सांगत होतो, विकून टाक हे डबडं."

"विकलं असतं तर तू आत्ता टीव्हीसमोर घोरत पडला असतास. जा, मागे धोक्याचा त्रिकोण लाव. आणि पिवळं जाकीट घालून जा, नाहीतर तुलाही कुणीतरी उडवेल."

डबडं म्हणजे त्यांची एक्केचाळीस वर्षांची कॅम्पर गाडी. आत दोन पलंग, एक शेगडी, आणि अबिलियोने स्वतः बसवलेली, कधीच नीट न लागणारी कपाटं. दर जुलैत उत्तरेकडच्या मिरांदा गावी अशा जुन्या गाड्यांचे मालक जमत. हे दोघे पहिल्यांदाच निघाले होते, कारण गाडी रस्त्यात बंद पडली तर मदतीला येईल असा विमा इतकी वर्षं त्यांना मिळतच नव्हता. गेल्या हिवाळ्यात देओलिंदाने नऊ कंपन्यांना फोन केले. गाडीचं वय ऐकलं की पलीकडचा माणूस खोकायला लागे. दहावी कंपनी तयार झाली. पण देओलिंदाची अठ्ठावीस वर्षं नोटरीच्या कचेरीत गेली होती. तोंडी शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती खनपटीलाच बसली आणि सगळं लेखी घेतलं.

तिने त्याच विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे रेनातो नावाचा तरुण होता.

"मॅडम, माफ करा. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना आम्ही मदत देत नाही."

"रेनातो, माझा करार उघड. पान चौदा. 'वार्षिक तपासणीत पास झालेल्या कॅम्परला वयाची अट नाही.' दिसलं?"

पलीकडून कळफलकावर बोटं आपटल्याचा आवाज आला.

"दिसलं, मॅडम. मग गाडी ग्वार्दाच्या गॅरेजला पोचवतो."

"ग्वार्दाला ही तार मिळणार नाही, चार दिवस लागतील. आता त्याच्या खालचा परिच्छेद वाच. मोठ्याने."

रेनातोने वाचलं. "'त्याच दिवशी दुरुस्ती न झाल्यास गाडी व प्रवासी, मालकाच्या इच्छेनुसार, घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी पोचवले जातील.'"

"मुक्काम मिरांदा. उंची दोन मीटर सत्तर, वजन तीन टन. लिहून घे."

तासाभराने ट्रक आला तो इतका छोटा, की अबिलियोला हसू आवरेना. चालक झाकारियास खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"मला सांगितलं छोटी मोटार आहे. ही गाडी आहे की देऊळ?"

"उंची मी सांगितली होती," देओलिंदा म्हणाली.

"तुम्ही सांगितली असेल हो, बाई. तिकडे लिहिली कुणी? ही वर चढवली तर पहिल्याच पुलाखाली छप्पर सोडून यावं लागेल."

त्याला वाटलं, आता बाई आपल्यावर तोंड टाकणार. पण तिने शेगडी पेटवली, सॉसेज परतलं, पाव कापला आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे धरला. मग पुन्हा फोन लावला आणि रेनातोच्या साहेबालाच बोलावून घेतलं. साहेब 'उद्या बघू'वर आला तेव्हा झाकारियासने भरल्या तोंडाने फोन मागितला.

"साहेब, बुटक्या पाठीचा लांब ट्रक आमच्याच अड्ड्यावर रिकामा उभा आहे. उद्या कशाला? माझा भाऊ घेऊन येतो, पुढे मी चालवतो."

भाऊ लांब ट्रक घेऊन आला आणि तीन वाजता गाडी त्यावर चढली. साखळ्या आवळल्या गेल्या. ट्रकच्या केबिनमध्ये तिघं दाटीवाटीने बसली आणि दोरू नदीच्या खोऱ्याकडे निघाली. वाटेत साहेबाचा फोन आला. त्यांच्या माणसांपुढे अजून नियमांची जुनीच यादी होती, ती आजच बदलली, असं तो म्हणाला.

"तेही लेखी पाठवा," देओलिंदा म्हणाली. साहेबाने पाठवलं.

सात वाजता, उन्हं अजून टेकडीवर असताना, ट्रक मिरांदाच्या मैदानात शिरला. झाकारियासने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. गाड्यांमधून माणसं बाहेर आली. कुणी हातात जेवणाचा काटा, कुणी पत्ते घेऊन. आणि टाळ्या सुरू झाल्या.

"अगं, राजेच आल्यासारखे आलात की!" बेल्मिरा नावाची एक म्हातारी ओरडली. विम्याची कंपनी कोणती ते ऐकल्यावर ती म्हणाली, "मला याच कंपनीने गेल्या साली रस्त्यावर सोडलं. म्हणे, जुन्या गाडीला काही मिळत नाही."

"तुझा कागद आहे?"

"आहे ना. वाचलाय कुणी?"

"आण इकडे."

बेल्मिरा धावतच गेली. तिच्यामागून आणखी पाच-सहा जण आपापल्या गाड्यांकडे पळाले. अबिलियोने झाडाखाली घडीचं टेबल उघडलं, खुर्ची पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "रांगेत या, रांगेत! माझी बायको एका वेळी एकच कंपनी खाते."

देओलिंदा हसत खुर्चीत बसली आणि पहिला कागद पुढे ओढला.